लढाई न जिंकलेला युद्धनायक: शार्ल द गॉल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 1940 मध्ये फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला, 1944 मध्ये त्याला सोडवलं ते मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनने. मग एकही मोठी लढाई न जिंकलेल्या शार्ल द गॉलला फ्रेंच लोक एवढं डोक्यावर का घेतात? आणि 1958 नंतरचा द गॉल लोकशाहीवादी म्हणायचा की मतपेटीच्या आडून राज्य करणारा हुकूमशहा?

यूपीएससीपुरतं हवं असेल तर पाचवं प्रजासत्ताक, अल्जीरिया, नाटो, अणुबॉम्ब एवढे चार मुद्दे कुठल्याही गाइडात मिळतील. पण जगाचा इतिहास वर्गात वर्षानुवर्षं शिकवून माझं मत असं झालंय की, या माणसाचं सगळं राजकारण एकाच भांडणाभोवती फिरतं: फ्रान्सच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा? ज्याच्या हातात सरकारी शिक्का आहे त्याचा, की आणखी कशावरून तो ठरतो? हे भांडण त्याने 1940 मध्ये उकरून काढलं आणि 1969 मध्ये स्वतःविरुद्ध निकाल लागल्यावर मिटवलं. मधल्या काळात ते त्याला पाहिजे तसं वाकवलंही.

जून 1940 मध्ये द गॉल कोण होता हे आधी पाहू. वय 49, पद तात्पुरत्या ब्रिगेडियर जनरलचं, तेही मोजक्या दिवसांपूर्वी मिळालेलं. पहिल्या महायुद्धात तो तीनदा जखमी झाला, मार्च 1916 मध्ये व्हर्दंजवळ पकडला गेला, पाच वेळा पळून जायचा प्रयत्न केला आणि पाचही वेळा सापडला. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, तेव्हा लपणार तरी कुठे! 1934 मध्ये रणगाड्यांच्या व्यावसायिक सैन्याची कल्पना मांडणारं पुस्तक त्याने लिहिलं. वरिष्ठांनी ते बाजूला सारलं, एकट्या पोल रेनो या राजकारण्याने मनावर घेतलं. मे 1940 मध्ये माँकोर्ने आणि अबव्हिल इथे त्याने रणगाडे घेऊन हल्ले केले, थोडी मजल मारली, पण जर्मनांना रोखता आलं नाही. रेनो तोवर पंतप्रधान झाला होता. 5 जूनला त्याने द गॉलला संरक्षण खात्यात उपमंत्री केलं.

16 जूनला रेनोने राजीनामा दिला आणि सत्ता 84 वर्षांच्या मार्शल पेताँकडे गेली. पेताँ म्हणजे व्हर्दंचा वीर, साऱ्या देशाचा लाडका म्हातारा. शिवाय द गॉल सैन्यात दाखल झाला तो आरासच्या ज्या रेजिमेंटमध्ये, तिचा कर्नल हाच पेताँ होता. 17 तारखेला सकाळी द गॉल बोर्दोहून ब्रिटिश जनरल स्पिअर्सच्या विमानात बसून लंडनला गेला. सोबत एक तरुण सहायक आणि रेनोने गुप्त निधीतून दिलेले एक लाख फ्रँक. त्याच दुपारी पेताँने रेडिओवरून सांगितलं की लढाई थांबवावी लागेल.

दुसऱ्या दिवशी, 18 जूनला, बीबीसीवरून त्याने ते प्रसिद्ध भाषण केलं. आज फ्रान्समध्ये त्या तारखेला सरकारी सोहळा होतो, पण त्या दिवशीची परिस्थिती अगदीच किरकोळ होती. लंडनमधल्या एका फ्लॅटवर खाडाखोडीने भरलेला मजकूर एलिझाबेथ द मिरिबेल या तरुणीने टाइप केला. ब्रिटिश मंत्रिमंडळाला पेताँशी बोलणी चालू असताना असलं भाषण नकोच होतं. स्पिअर्सने चर्चिलला गाठून त्यांचं मन वळवलं. भाषण फार थोड्यांनी ऐकलं आणि बीबीसीने ते ध्वनिमुद्रित करूनही ठेवलं नाही. जे मुद्रण आपण ऐकतो ते 22 जूनच्या दुसऱ्या भाषणाचं. ‘फ्रान्सने एक लढाई हरली आहे, युद्ध हरलेलं नाही’ हे वाक्य तर त्या भाषणात नाहीच. ते नंतर लंडनच्या भिंतींवर लागलेल्या पोस्टरवरचं आहे. उत्तरपत्रिकांत मात्र ते दर वर्षी 18 जूनच्या नावावर खपतं.

भाषणातला युक्तिवाद साधाच होता. हे युद्ध फक्त फ्रान्सचं नाही, जगाचं आहे. ब्रिटनचं आरमार आहे, अमेरिकेचे कारखाने आहेत, फ्रान्सचं साम्राज्य आहे. यंत्रांनी आपल्याला हरवलं, उद्या जास्त यंत्रांनी आपण जिंकू. हे भाकीत खरं ठरलं, पण त्याहून धाडसी होती त्यामागची भूमिका. 10 जुलैला व्हिशी इथे फ्रेंच संसदेच्या दोन्ही सभागृहांनी 569 विरुद्ध 80 मतांनी पेताँला सर्वाधिकार दिले. कायद्याच्या भाषेत सरकार पेताँचंच. अमेरिकेने त्याच्याकडे राजदूत ठेवला, सोव्हिएत रशियानेही. आणि लंडनमध्ये बसलेला, कुणी निवडून न दिलेला हा कालपरवाचा उपमंत्री म्हणत होता की शत्रूच्या टाचेखाली झालेला ठराव फ्रान्सचा नव्हेच, फ्रान्स इथे आहे, माझ्याजवळ. ऑगस्टमध्ये क्लेर्माँ-फेराँच्या लष्करी न्यायालयाने त्याला गैरहजेरीत फाशीची शिक्षा ठोठावली, आणि कायद्याच्या चौकटीत पाहिलं तर त्यात काही वावगं नव्हतं.

सुरुवातीला त्याच्यामागे आलं कोण? इंग्लंडमध्ये पोचलेले बहुतेक फ्रेंच सैनिक मायदेशी परतले. 3 जुलैला ब्रिटिश आरमाराने मेर्स-एल-केबीरला फ्रेंच जहाजांवर तोफा डागल्या आणि जवळपास तेराशे फ्रेंच खलाशी मारले. त्यानंतर ब्रिटनच्या आश्रयाला राहून ‘मी फ्रान्स’ म्हणणं किती अवघड झालं असेल, विचार करा. ब्रिटनीच्या टोकाला असलेल्या सेन बेटावरचे कोळी होड्या घेऊन इंग्लंडला आले. मोठे सेनापती, राजदूत, उद्योगपती कुठेच नव्हते. खरा आधार मिळाला तो आफ्रिकेतून. चाडचा गव्हर्नर फेलिक्स एबुए, फ्रेंच गयानात जन्मलेला कृष्णवर्णी अधिकारी, ऑगस्ट 1940 अखेर द गॉलच्या बाजूने उभा राहिला आणि त्यापाठोपाठ मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच वसाहती आल्या. सप्टेंबरमध्ये आपल्याकडच्या पाँडिचेरीचा गव्हर्नर लुई बाँव्हँ यानेही द गॉलच्या ‘स्वतंत्र फ्रान्स’ चळवळीला पाठिंबा जाहीर केला. अर्थात, चहूबाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थान असताना त्याला दुसरं करता येण्याजोगं फारसं नव्हतं. म्हणजे ‘खरा फ्रान्स’ दोनेक वर्षं उभा होता तो बव्हंशी वसाहतींच्या मातीवर. आणि 1944 च्या ब्राझाव्हिल परिषदेत त्याच वसाहतींना स्वराज्याचा विचारही करायचा नाही असं ठरलं. द गॉलच्या चाहत्यांनी या विसंगतीकडे नीट पाहिलेलं मला क्वचितच दिसतं.

मित्रराष्ट्रांशी त्याचं जे सतत वाजत असे, त्याची मेखही हीच. सैन्य, पैसा, विमानं सगळं उसनं, आणि तोरा मात्र बरोबरीच्या राष्ट्रप्रमुखाचा. चर्चिल वैतागायचा, पण पाठीशी राहिला. रूझवेल्टला तो मुळीच पटत नव्हता. त्याने आधी व्हिशीशी, म्हणजे पेताँच्या सरकारशी, संबंध ठेवले, मग जनरल जिरोला पुढे केलं. जिरो हा भला सैनिक, पण राजकारणात कच्चा. जून 1943 मध्ये अल्जिअर्सला दोघांची संयुक्त समिती झाली आणि काही महिन्यांत द गॉलने त्याला बाजूला सारलं. त्याआधी झाँ मुलाँ या माजी जिल्हाधिकाऱ्याला त्याने फ्रान्समध्ये पॅराशूटने उतरवलं होतं. कम्युनिस्टांपासून कॅथलिकांपर्यंत सगळ्या भूमिगत गटांची एकच परिषद मुलाँने मे 1943 मध्ये पॅरिसला भरवली आणि ती द गॉलच्या पाठीशी उभी केली. महिन्याभरात तो पकडला गेला आणि जर्मनांच्या छळाने मेला. रूझवेल्टपुढे ठेवायला द गॉलकडे जे सगळ्यात वजनदार पान होतं, ते मुलाँच्या या कामातून आलेलं.

जून 1944. नॉर्मंडीत सैन्य उतरलं, पण त्याच्या नियोजनात द गॉलला स्थान नव्हतं. मुक्त झालेल्या भागावर अमेरिकन-ब्रिटिश लष्करी प्रशासन नेमायचा बेत होता. त्यासाठी अमेरिकेत छापलेल्या फ्रँकच्या नोटाही तयार होत्या. द गॉलने त्यांना खोटं चलन ठरवलं. 14 जूनला तो एका दिवसापुरता किनाऱ्यावर उतरला, बायो या गावी गेला, चौकात बोलला आणि परतताना आपला प्रशासक तिथे बसवून गेला. मित्रराष्ट्रांचे अधिकारी बघतात तर फ्रेंच प्रशासन कामाला लागलेलं! मग आपलं आणून बसवायची गरजच उरली नाही.

आणि 25 ऑगस्टचं पॅरिस. वर्गात मी यावर सगळ्यात जास्त वेळ देतो. उठाव चालू आहे, फ्रेंच जनरल लक्लेर्कच्या रणगाड्यांची तुकडी शहरात शिरली आहे, जर्मन सेनापतीने शरणागती पत्करली आहे. लोक नगरभवनापाशी वाट बघताहेत. द गॉल तिकडे जात नाही. तो आधी जातो सँ-दोमिनिक रस्त्यावरच्या युद्ध मंत्रालयात, जिथून तो 10 जून 1940 ला बाहेर पडला होता. आपल्या जुन्या खोलीत बसतो. मग पोलीस मुख्यालय. नगरभवनाची पाळी शेवटी. शासन आधी, जल्लोष नंतर, हा क्रम त्याने मुद्दाम ठेवला होता. नगरभवनात भूमिगत परिषदेचा अध्यक्ष झॉर्झ बिदो म्हणतो, बाहेर लोक जमलेत, प्रजासत्ताकाची घोषणा करा. द गॉल नकार देतो. प्रजासत्ताक कधी संपलंच नव्हतं, मग घोषणा कसली करायची?

या उत्तरात त्याचं सगळं राजकारण आहे. पेताँचं सरकार चार वर्षं होतं, त्याने कायदे केले, कर घेतले, पोलीस चालवले, आणि 9 ऑगस्ट 1944 च्या अध्यादेशाने ते सगळं रद्दबातल ठरलं. फ्रान्स विजेत्यांच्या रांगेत बसला. मित्रराष्ट्रांच्या याल्टा परिषदेला द गॉलला बोलावलं नाही, तरी जर्मनीत ताब्याचा प्रदेश मिळाला आणि सुरक्षा परिषदेत कायमची जागाही. हरलेल्या देशाच्या पदरात हे पडलं, त्यात चर्चिलचा वाटा मोठा होता, पण मागणारा कुणी अधिकृत माणूस असायला हवा होता आणि तो होता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लढाई त्याने जिंकली नाही, पराभव मात्र नोंदवू दिला नाही.

त्याची किंमतही सांगायला हवी. जुलै 1942 मध्ये पॅरिसच्या वेल दीव्ह सायकल-स्टेडियमच्या धरपकडीत सुमारे तेरा हजार ज्यू पकडले गेले. त्यांना पकडणारे फ्रेंच पोलीस होते. पण व्हिशी म्हणजे फ्रान्स नव्हेच, असं एकदा ठरलं की जबाबदारी घ्यायची कुणी? पुढचे राष्ट्राध्यक्ष, अगदी समाजवादी मितराँसुद्धा, प्रजासत्ताकाचा याच्याशी संबंध नाही हेच म्हणत राहिले. 16 जुलै 1995 ला झाक शिराकने फ्रेंच राज्याची जबाबदारी पहिल्यांदा उघड मान्य केली. तो स्वतःला द गॉलचाच वारसदार म्हणवायचा हे विशेष.

1944 पासून द गॉल प्रमुख असलेल्या हंगामी सरकारने पुढचा फ्रान्स घडवला: स्त्रियांना मताधिकार (त्यांनी पहिल्यांदा मत दिलं एप्रिल 1945 मध्ये), सामाजिक सुरक्षा योजना, रेनॉ कंपनीचं राष्ट्रीयीकरण, अणुऊर्जा आयोग. यातलं बरंच भूमिगत चळवळीच्या कार्यक्रमातलं, एकट्या द गॉलचं नव्हे. पेताँला फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली ती मात्र द गॉलने. पक्षांची ओढाताण पाहून 20 जानेवारी 1946 ला त्याने राजीनामा फेकला. महिन्याभरात लोक पाया पडत येतील असा हिशेब असावा. बारा वर्षं कुणी आलं नाही.

ती वर्षं गेली कोलोंबे-ले-द्यूझ-एग्लीझ या खेड्यातल्या घरात. तिथेच त्याची धाकटी मुलगी आन पुरलेली आहे. तिला डाउन सिंड्रोम होता आणि विसाव्या वर्षी, फेब्रुवारी 1948 मध्ये, ती गेली. त्या काळी अशी मुलं संस्थेत ठेवून विसरून जायची रीत होती. या घराने तिला शेवटपर्यंत जवळ ठेवलं. चारचौघांत लाकडी वाटणारा हा माणूस तिच्याशी खेळायचा, गाणी म्हणायचा. अशा मुलींसाठी पत्नी ईव्हॉनसोबत त्याने स्थापलेली संस्था आजही चालू आहे.

आता तुमचा दुसरा, जास्त अडचणीचा प्रश्न. अल्जीरिया फ्रान्सच्या हातातून जाईल या भीतीने 13 मे 1958 ला अल्जिअर्समध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणि लष्कराने बंड केलं. काही दिवसांत कॉर्सिका त्यांच्या हातात गेलं, पॅरिसवर पॅराशूट सैनिक उतरवायची योजना तयार झाली. बंडखोरांना हवा होता द गॉल. त्याने त्यांचा निषेध केला नाही. पत्रकार परिषदेत उलट विचारलं, 67 व्या वर्षी मी हुकूमशहा म्हणून नवी कारकीर्द सुरू करीन असं वाटतं का तुम्हाला? 1 जूनला संसदेने 329 विरुद्ध 224 मतांनी त्याला पंतप्रधान केलं. मितराँ आणि माजी पंतप्रधान माँदेस-फ्राँस विरोधात होते, आणि माझ्या मते तत्त्वाच्या बाजूने त्यांचं बरोबर होतं. डोक्यावर बंदूक असताना संसदेने दिलेला कौल 1940 मध्ये अवैध, तर 1958 मध्ये वैध कसा? या प्रश्नाला त्याने शब्दांत उत्तर दिलं नाही, सार्वमताने दिलं: सप्टेंबरमध्ये नव्या राज्यघटनेला (पाचवं प्रजासत्ताक ते हेच) ऐंशी टक्क्यांहून जास्त मतं.

सत्तेवर आल्यावर 4 जूनला अल्जिअर्सच्या चौकातल्या प्रचंड गर्दीला तो म्हणाला, ‘मी तुम्हाला समजून घेतलं आहे.’ गर्दीने ऐकलं ते असं की अल्जीरिया फ्रेंचच राहणार. सव्वा वर्षात, 16 सप्टेंबर 1959 ला, त्याने अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाची घोषणा केली. एप्रिल 1961 मध्ये चार सेनापतींनी पुन्हा बंड केलं. द गॉल गणवेशात टीव्हीवर आला, ‘निवृत्त सेनापतींचं चौकडं’ अशी त्यांची संभावना केली आणि सैनिकांना त्यांचं ऐकू नका असा हुकूम दिला. बराकींमधल्या सक्तीच्या भरतीच्या पोरांनी हे ट्रान्झिस्टरवर ऐकलं आणि अधिकाऱ्यांना साथ दिली नाही. चार दिवसांत बंड आटोपलं. 1940 मध्ये वरिष्ठांची आज्ञा मोडा म्हणून रेडिओवर सांगणारा आता सर्वोच्च आज्ञा देणारा झाला होता. बंडखोरांना ही गोष्ट झोंबली: आम्ही केलं ते तूच तर शिकवलंस!

मार्च 1962 मध्ये एव्हियाँचा करार झाला, जुलैत अल्जीरिया स्वतंत्र. फसवणूक झाली का? वसाहतवाल्या गोऱ्यांची झाली, हो. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना जहाजं मिळाली, फ्रान्समध्ये नवं आयुष्य मिळालं. फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियन मुसलमानांना, हार्कींना, शस्त्रं काढून मागे सोडलं आणि त्यातले हजारो मारले गेले. 17 ऑक्टोबर 1961 ला पॅरिसमध्ये शांततेने निघालेल्या अल्जीरियनांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, काहींना सेन नदीत फेकलं. पोलीसप्रमुख मोरिस पापाँ, जो व्हिशीच्या काळात ज्यूंना गाड्यांत भरून पाठवणाऱ्या यंत्रणेत अधिकारी होता, त्याच्यावर द गॉलने कारवाई केली नाही. निर्णय बरोबर आणि अंमलबजावणी निर्दय, असं मी याला म्हणतो.

पाँडिचेरीचं घोडंही याच पेचात अडलं होतं. 1954 मध्ये फ्रान्सने ताबा भारताला दिला, 1956 मध्ये करार झाला, पण फ्रेंच संसदेची मंजुरी मिळेना. फ्रेंच भूमी सोडायचा पायंडा अल्जीरियाचा निकाल लागण्यापूर्वी कुणालाच पाडायचा नव्हता. तो लागला आणि 16 ऑगस्ट 1962 ला पाँडिचेरी कायदेशीररीत्या आपली झाली. गोव्यातल्या वाचकांना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हेका आठवेल: त्याने बोलणीच नाकारली, म्हणून डिसेंबर 1961 मध्ये सैन्य पाठवावं लागलं.

अल्जीरियाचा वचपा काढायला 22 ऑगस्ट 1962 ला पती-क्लामारजवळ त्याच्या सित्रोएन गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. तो आणि ईव्हॉन बचावले. या हवेचा फायदा घेऊन त्याने राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायची दुरुस्ती सार्वमतात टाकली. घटनेने सांगितलेला संसदेचा रस्ता त्याने टाळला. चिडून संसदेने पंतप्रधान पाँपिदूचं सरकार पाडलं, द गॉलने संसदच बरखास्त केली आणि दोन्ही मतदानं जिंकली. हुकूमशाही म्हणायचीच असेल तर सर्वांत जवळचा पुरावा हा. टीव्ही-रेडिओ सरकारच्या मुठीत होते हा दुसरा. तरी मी तो शब्द वापरत नाही. विरोधी पक्ष होते, वृत्तपत्रं होती, 1965 मध्ये मितराँने त्याला दुसऱ्या फेरीपर्यंत ओढलं. शिवाय पुढे 1969 आलं.

परराष्ट्र धोरणाचं झटपट सांगतो: 1960 मध्ये सहारात अणुचाचणी, 1963 मध्ये पश्चिम जर्मनीचा चान्सेलर आदेनाउअरशी मैत्री करार आणि ब्रिटनला युरोपीय बाजारात मज्जाव, 1964 मध्ये साम्यवादी चीनला मान्यता, 1966 मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी यंत्रणेतून माघार. हे सगळं ‘आमच्या वतीने दुसरा कुणी ठरवणार नाही’ या हट्टातून आलं. त्याचं मूळ त्या अमेरिकन छापाच्या नोटांत शोधा, शीतयुद्धाच्या सिद्धांतांत नको.

मे 1968 मध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले तेव्हा त्याला काय चाललंय हेच उमगेना. 29 तारखेला तो कुणाला न सांगता जर्मनीत बाडन-बाडनला तिथल्या फ्रेंच सैन्याचा प्रमुख जनरल मास्यूकडे गेला, दुसऱ्या दिवशी परतून रेडिओवर चारेक मिनिटं बोलला आणि जूनच्या निवडणुकीत त्याच्या बाजूला प्रचंड बहुमत मिळालं. इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण बहुमत पक्षाचं होतं, त्याला स्वतःसाठी कौल हवा होता. एप्रिल 1969 मध्ये सिनेट आणि प्रादेशिक रचनेच्या सुधारणेवर त्याने सार्वमत घेतलं आणि हरलो तर जाईन असं बजावलं. मुद्दा इतका रुक्ष की त्यावर सरकार पडायची काही गरज नव्हती. बावन्न टक्क्यांहून थोडे जास्त लोक ‘नाही’ म्हणाले. मध्यरात्रीनंतर दोन ओळींचं निवेदन आलं: पद सोडत आहे, आज दुपारी बारापासून. आपली जागा भरायच्या निवडणुकीत सावलीही नको म्हणून तो आयर्लंडला निघून गेला. 9 नोव्हेंबर 1970 ला कोलोंबेच्या घरी पत्ते मांडून बसला असताना तो गेला. 1952 मध्येच लिहून ठेवल्याप्रमाणे सरकारी अंत्यविधी झाला नाही. जगभरचे राष्ट्रप्रमुख पॅरिसच्या नोत्र-दामला जमले आणि तो गावच्या कबरस्तानात, आनशेजारी.

वारशाचं म्हणाल तर राज्यघटना तीच आहे, अण्वस्त्रं आहेत, नाटोच्या यंत्रणेत राष्ट्राध्यक्ष सार्कोझीने 2009 मध्ये देश परत नेला. 1962 नंतर अविश्वास ठरावाने पडलेलं पहिलं सरकार डिसेंबर 2024 मधलं पंतप्रधान बार्निएचं. स्थिर बहुमत गृहीत धरून शिवलेला द गॉलचा अंगरखा तीन तुकड्यांच्या संसदेला बसत नाही, हे फ्रान्स सध्या अनुभवतोय. आणि त्याच्या नावावर हक्क सांगणारे सगळीकडे आहेत. 1972 मध्ये स्थापन झालेल्या ल पेनच्या अतिउजव्या पक्षात अल्जीरिया सोडल्याबद्दल त्याच्यावर दात खाणारे होते, व्हिशीचे जुने समर्थकही होते. 2020 मध्ये त्याच पक्षाची नेता मरीन ल पेन, 18 जूनच्या ऐंशीव्या वर्षदिनाच्या निमित्ताने, द गॉलला आदरांजली वाहायला सेन बेटावर गेली.